कडेच्या रेषा

चाकणला कोणी सहलीला जात नाही. मी पाच दिवस शिकवायला म्हणून गेले आणि आल्यापासून शेजारणी विचारतात, तिथे बघण्यासारखं काय आहे? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षं छायाचित्रण शिकवलं. फोटो काढायला शिकवणारे पुष्कळ असतात. माझा विषय त्याच्या पुढचा होता, काढलेला फोटो किती चांगला आला हे मोजायचं कसं. लेन्स किती बारीक रेषा वेगळ्या दाखवते, फिल्मवरचे कण किती जाड, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या किती पायऱ्या टिकतात, असं सगळं. पुढे फिल्म गेली, डिजिटल कॅमेरे आले, पण प्रश्न तेच राहिले. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता हे कोणी विचारणार नाही. तेवढ्यात नितीनचा फोन आला. नितीन माझा जुना विद्यार्थी. आता चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. त्याच्या लाइनवर माल तपासायला कॅमेरा बसवला होता आणि तपासणी करणाऱ्या आठ बायकांना त्या कॅमेऱ्याची भाषा कळावी अशी त्याची इच्छा होती. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलं तसंच शिकवा."

चिखली, रविवार

आकुर्डी स्टेशनवर मला घ्यायला नितीनची बायको वैशाली आली, स्कूटर घेऊन. नितीन कामावर गेला होता. रविवारी कामावर? मी विचारलं तर ती हसली. त्यांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. इथल्या बऱ्याच कारखान्यांत तसंच आहे म्हणे. त्यामुळे घरातला रविवार गुरुवारी येतो, आणि मुलीच्या शाळेचा रविवार रविवारीच, म्हणजे सगळे एकत्र दुपारचं जेवायला बसणं आठवड्यात एकदाही जमत नाही.

माझ्याजवळ एक बॅग आणि एक लांब नळी होती. नळीत माझे तक्ते, काळ्या-पांढऱ्या रेषांचे आणि चौकोनांचे. स्कूटरवर मागे बसून ती नळी मी दोन्ही हातांनी उभी धरली होती. आकुर्डीतून निघून आम्ही रुंद रस्त्याला लागलो आणि शेजारून एक कंटेनर गेला. त्याच्या वाऱ्याने नळीचं झाकण उडालं. वैशालीने स्कूटर थांबवली, आम्ही दोघी मागे चालत गेलो, झाकण सापडलं, पण त्यावरून एक चाक गेलं होतं. पुढचे पाच दिवस त्या नळीच्या तोंडाला वैशालीच्या स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली होती.

चिखलीत त्यांची इमारत सात मजली. खाली एका बाजूला लेथ मशीनचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. आमच्याकडे नवीन माणूस भेटला की आडनाव विचारतात. इथे लिफ्टमध्ये मला तीन मजल्यांत दोन प्रश्न विचारले गेले, गाव कुठलं आणि कुठल्या कंपनीत. वैशालीने मजल्यामजल्यावरचे जिल्हे सांगितले. पहिल्यावर जळगाव, दुसऱ्यावर सांगली आणि लातूर, चौथ्यावर आमच्याकडचा बुलढाणा. दिवाळीत अख्खी इमारत रिकामी होते आणि वॉचमन, तो नांदेडचा, एकटा दिवे लावतो.

जेवायला इंद्रायणी तांदळाचा भात होता. आमच्याकडे भात मोकळा हवा, शीत शिताला चिकटलं की बाईचा हात बसलेला नाही असं समजतात. हा मऊ, चिकट, आणि शिजताना सुटणारा वास जिन्यापर्यंत. मी दोनदा घेतला.

चाकण, सोमवार

सकाळी नितीनच्या गाडीतून निघालो. मोशीपर्यंत ठीक. पुढे कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, कांद्याचे टेम्पो, आणि त्यांच्या मधून हेल्मेट घातलेले हजारो दुचाकीवाले. तळेगाव चौकात आम्ही इतका वेळ उभे राहिलो की शेजारच्या बसमधल्या एका बाईची अर्धी वेणी माझ्यादेखत पूर्ण झाली.

कारखान्यात गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची वाटी बनते. वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेली, मुठीएवढी. कधी कधी थंड होताना तिला केसाएवढी चीर पडते आणि ती वाटी बाद करावी लागते. पूर्वी बायका प्रत्येक वाटी हातात घेऊन उजेडात फिरवून बघत. आता बारा घरांच्या ट्रेमध्ये बारा वाट्या ठेवतात, ट्रे कॅमेऱ्याखाली जातो, एक फोटो निघतो, आणि संगणक प्रत्येक वाटी पास की नापास ते ठरवतो. पास झालेल्या वाट्या पुढे बायकांच्या टेबलावर येतात. त्यांनी शिक्का मारायचा आणि खोक्यात भरायच्या.

आठ जणी मीटिंगच्या खोलीत वही-पेन घेऊन बसल्या होत्या. निळे एप्रन, केसांवर जाळी. सगळ्यात जुनी सुनीता. ती लातूरकडची, अकरा वर्षं तपासणीत, तीही कंत्राटावर. पहिल्या बाकावर बसली होती आणि सबंध सकाळ एक शब्द बोलली नाही.

मी तिरक्या कडेपासून सुरुवात केली. पांढऱ्या कागदावर एक काळा चौकोन, जरासा कलता. त्याचा फोटो काढायचा आणि संगणकावर मोठा करून बघायचा. प्रत्यक्षात काळं संपतं तिथे लगेच पांढरं सुरू होतं. फोटोत मात्र मध्ये करड्या ठिपक्यांचा पट्टा दिसतो. काळ्यातून पांढऱ्यात जायला कॅमेऱ्याला किती ठिपके लागले ते मोजायचं. दोन-तीन लागले तर चित्र धारदार, आठ-दहा लागले तर धूसर. बायकांना हे झटकन समजलं, कारण त्यात मत द्यायचं नव्हतं, मोजायचं होतं.

मग नितीनने लाइनच्या कॅमेऱ्याने काढलेला ट्रेचा एक फोटो पडद्यावर लावला आणि मला विचारलं, कसा वाटतो? मी मधला भाग मोठा केला. तिथल्या दोन वाट्यांची कड मोजली. अडीच ठिपके. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "उत्तम चित्र आहे. या कॅमेऱ्याला चीर दिसली नाही, तर तिथे चीर नव्हती असंच समजा."

नितीन खूश झाला. सुनीताने पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. मला वाटलं, जेवणाची वेळ झाली म्हणून.

चाकण, मंगळवार

मंगळवारी मी माझा जुना फिल्मचा कॅमेरा काढला. नितीनला नवल वाटलं, कारखान्यात फिल्म कशाला? माझा अनुभव असा की डिजिटल फोटो माणूस बघत नाही, बोटाने सरकवतो. निगेटिव्ह हातात धरली की माणूस गप्प बसून बघतो.

रेषांचा मोठा तक्ता भिंतीवर लावला. त्यात काळ्या-पांढऱ्या रेषांचे गट असतात, एकापेक्षा एक बारीक, आणि असा गट मध्यभागी तसाच चारही कोपऱ्यांत छापलेला. प्रत्येकीने चार-चार फोटो काढले. शटरचा आवाज ऐकून एकजण दचकली. रोल संपला, तो गुंडाळून घेतला, दुसरा रोल भरला आणि शटर अडकलं. कॅमेरा त्या दिवसापुरता संपला.

पहिला रोल मात्र हातात होता. कँटीनमागच्या भांडी घासायच्या जागेला दार होतं आणि खिडकी नव्हती. आचारी सोलापूरचा, मोठा हौशी माणूस. त्याने दाराच्या फटीत पोती कोंबली. अंधारात मी रोल डब्यात घातला, मग दिवा लावून रसायनं ओतली, आणि आठ जणी डबा हलवण्याचे सेकंद मोठ्याने मोजू लागल्या. तिकडे आचाऱ्याने डब्याकडे बघून विचारलं की यात मीठ किती पडतं. ओली पट्टी बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा सगळ्या पुढे सरकल्या. कँटीनच्या दोरीवर ती पट्टी दोन नॅपकिनांच्या मध्ये वाळली.

दुपारी भिंग लावून निगेटिव्ह बघणं सुरू झालं. आधी करड्या रंगाच्या जागेत फिल्मचे कण दाखवले, मग डिजिटल फोटोतल्या तशाच जागेत उठणारे रंगीत ठिपके. एकीने विचारलं की हे काय, घाण आहे का? तेव्हा सुनीता पहिल्यांदा बोलली. म्हणाली, चाळून घेतलेल्या पिठात कोंडा राहतो तसं आहे हे, चाळणी कितीही बारीक घ्या, थोडा राहतोच. एकतीस वर्षांत मला इतकी सोपी उपमा सुचली नव्हती. मी ती माझ्या वहीत लिहून घेतली.

मग तिने भिंग उचललं. बाकीच्या मधला गट वाचत होत्या, ती सरकत सरकत पट्टीच्या कडेला गेली आणि तिथेच थांबली.

"मॅडम, मधल्या रेषा सुट्या दिसायलेत," ती म्हणाली. "कडेच्या मिटल्यात. डाव्या कोपऱ्यात तर जास्तच. असं का?"

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते, त्यांची बस साडेचारला. म्हणाले, लेन्सचं कडेला असंच असतं, तू मधलं वाच.

तिने मधलं वाचलं, आकडा लिहिला, भिंग पुढे दिलं.

चाकण, बुधवार

बुधवारी जेवायला मी मुद्दाम बायकांबरोबर बसले. सुनीताने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आमच्याकडची चटणी कोरडी, ही तेलात भिजलेली, लसूण जास्त. मी तिला विचारलं की पहिल्या दिवसापासून तू गप्प का आहेस, माझं काही चुकतंय का? तिने आधी काही नाही म्हटलं. शेजारची म्हणाली, सांग की गं.

गोष्ट अशी होती. दीड महिन्यापूर्वी ग्राहकाकडून माल परत आला. सात वाट्यांना चीर. खोक्यांवर शिक्का सुनीताचा. चौकशी झाली. संगणकात साठवलेले फोटो बघितले तर त्या सातही वाट्या फोटोत गुळगुळीत, कुठे चीर नाही. त्यावरून असं ठरलं की कॅमेऱ्याखाली असताना चीर नव्हती, नंतर टेबलावर हाताळताना पडली. म्हणजे सुनीताच्या हातून. तिला लेखी ताकीद मिळाली. त्याच महिन्यात तिला कायम करायची फाइल वर गेली होती. ती थांबली.

"मी वाटी पाडली न्हाई, आपटली न्हाई," ती म्हणाली. "पण फोटोपुढं माझं कोण ऐकतंय? आणि परवा तुम्हीपण म्हणलात, चित्र उत्तम हाय."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. मी केलेलं एक माप ती मला वाचून दाखवत होती. ताकिदीवर सही कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. गुणवत्ता विभागाचा प्रमुख एकच होता.

चिंचवड, गुरुवार

गुरुवार, म्हणजे इथला रविवार. नितीन मुलीला शाळेत सोडून आला आणि पुन्हा झोपला. मी कॅमेरा दुरुस्त करायला निघाले. वैशालीने चिंचवडगावातल्या इम्तियाजभाईंचं नाव सांगितलं. जुन्या गावठाणात, मोठ्या सोसायट्यांच्या मागे अजून कौलारू घरं आणि अरुंद बोळ आहेत. तिथे एका घड्याळजीच्या शेजारी त्यांचं खोलीएवढं दुकान. सत्तरीचे असतील. एका डोळ्यात भिंग अडकवलेलं. तुम्ही पुण्यातले का, असं मी विचारलं तर जरा रागावले.

"न्हाई. आमी हितलंच. पुणं लांब हाय."

त्यांनी कॅमेरा कानाशी धरून दोनदा दाबला, खालची पट्टी उघडली, आणि पंधरा मिनिटांत एक सुटलेली स्प्रिंग परत अडकवली. आमच्याकडे अशा दुकानात गेलं की आधी चहा, मग गप्पा, मग काम. इथे आधी काम झालं, मग चहा आला, आणि मग गप्पा सुरू झाल्या. मी फोटोची गुणवत्ता मोजायला शिकवते म्हटल्यावर ते उठले आणि मागच्या भिंतीवरचा पडदा बाजूला केला.

भिंतभर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. छोट्या जाहिरातींची पानं, सगळ्यात बारीक अक्षरांची. दुरुस्त केलेली प्रत्येक लेन्स ते या भिंतीवर लावून बघतात. चारी कोपऱ्यांत एकाच अंकाच्या एकाच पानाच्या चार प्रती होत्या, म्हणजे एका कोपऱ्यातली जाहिरात वाचता आली तर बाकी तिन्हींतही तीच वाचता यायला हवी. माझे तक्ते परदेशी मापाने छापून आणलेले. इम्तियाजभाईंचा तक्ता रद्दीतला, आणि तपासणी माझ्यापेक्षा कडक.

त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावरची लेन्स बघू का विचारलं. मागचं झाकण उघडून, फिल्मच्या जागी दुधी काच धरून त्यांनी भिंत पाहिली आणि मग मला पाहायला दिली. उजवीकडची जाहिरात मी वाचली. डावीकडची वाचता येईना.

"येक काच जराशी सरकल्या," ते म्हणाले. "आजची न्हाई, लई वर्सांची हाय. तुमी कडंला कदी बगितलंच न्हाई व्हय, बाई?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेत दोनच दिवे होते. मोठ्या तक्त्याच्या कडांवर उजेड पुरत नसे, म्हणून मी मध्यभागाचंच माप घ्यायला लावत असे. परीक्षेतही मध्यभागाच्या मापालाच गुण होते. दोन दिव्यांच्या अडचणीतून निघालेली सोय, आणि वर्षं उलटली तसा मी तिचा नियम करून टाकला. मुलांना कारण मात्र कधी सांगितलं नाही.

लेन्स ठेवून जा, सरळ करून देतो, इतकंच ते म्हणाले. मी ठेवली नाही. मला ती शुक्रवारी तशीच हवी होती.

परत येताना पवना नदीच्या घाटावर थोडा वेळ बसले. समोर एक आजोबा नातवंडाचा मोबाइलवर फोटो काढत होते. मूल पळून पळून चौकटीबाहेर जात होतं. माझ्या डोक्यात मात्र बारा घरांचा ट्रे होता. त्यातली मधली दोन घरं मी मोजली होती. उरलेली दहा मोजली नव्हती.

चाकण, शुक्रवार

सकाळी मी आठही जणींना आणि नितीनला बसवून सांगितलं की मंगळवारी सुनीताने विचारलेल्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं. कडेला असंच असतं, हे अर्धंच खरं आहे. किती असतं, आणि चारही बाजूंना सारखं असतं का, ते बघायला हवं. माझ्या लेन्सचा डावा कोपरा खराब आहे आणि मला तो वर्षानुवर्षं माहीत नव्हता, हेही लेन्स दाखवून सांगितलं. शिकवण्याच्या नोकरीत असं बोलायची सवय नसते.

मग आम्ही लाइनवर गेलो. जेवणाच्या सुट्टीत तासभर लाइन थांबते, तेवढा वेळ मागून घेतला. ट्रेच्या बारा घरांत वाट्यांऐवजी बारा काळे चौकोन ठेवले, सारखे कापलेले, सारखे कलते. फोटो काढला. एकेक जण एकेका घराचं माप घेत होती आणि मोठ्याने सांगत होती, सुनीता फळ्यावर लिहीत होती. पहिलं घर, तीन. दुसरं, अडीच. मधली घरं अडीच, अडीच. आठवं, पाच. मग उजव्या बाजूची शेवटची दोन आली. अकरावं, आठ. बारावं, अकरा.

सगळ्या फळ्याकडे बघत राहिल्या. नितीन म्हणाला की ट्रे वाकला असेल, त्या बाजूला चौकोन खाली गेले असतील. शक्य होतं. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात सुनीता पुढे आली आणि तिने ट्रे उचलून उलटा फिरवला, डावी बाजू उजवीकडे.

"ट्रे वाकडा असंल तर आता धूसर बाजू हिकडं येईल," ती म्हणाली. "काढा फोटो."

फोटो काढला. धूसर कोपरा जागचा हलला नव्हता. ट्रे निर्दोष होता.

फिटरने सपाटी बघायची स्पिरिट लेव्हल आणली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवली. आतला बुडबुडा एका बाजूला जाऊन टेकला. कॅमेरा कलला होता. डोळ्यांना कळणार नाही इतका, पण केसाएवढी चीर पुसून टाकायला पुरेसा. उजव्या कोपऱ्यातली चिरलेली वाटी त्याला गुळगुळीत दिसत होती.

नितीनने परत आलेल्या सात वाट्यांचे क्रमांक संगणकात टाकले. प्रत्येक वाटी ट्रेच्या कुठल्या घरात होती ते तिथे निघतं. पाच वाट्या अकराव्या आणि बाराव्या घरातल्या. दोन आठव्यातल्या. मधल्या घरांतली एकही नाही.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बायका आपापल्या टेबलांकडे गेल्या. सुनीताने जाण्याआधी फळ्यावरचे बाराही आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले.

संध्याकाळी नितीनच्या गाडीतून तळेगाव चौकापर्यंत आलो. तिथे वाहतूक अडली तशी त्याने गाडी बंद केली.

"मॅडम, ट्रे पूर्वी सहा घरांचा होता," तो म्हणाला. "बारा घरांचा केला तेव्हा कॅमेरा वर घ्यावा लागला. मध्ये खांब येत होता, म्हणून बाजूला सरकवला, तेव्हाच कलला असणार. मीच सरकवला, सुट्टीच्या दिवशी येऊन. मग चौकोन ठेवून माप घेतलं. मधे."

मी म्हणाले की मध्ये ठेवायला मीच शिकवलं होतं.

पुढची बस हलली, त्याने गाडी सुरू केली. मोशी ओलांडल्यावर एवढंच म्हणाला की उद्या प्लँटच्या साहेबांना सांगतो, पण सांगायचं कसं ते कळत नाही. त्याची स्वतःची बढती याच कॅमेऱ्यावर झाली होती. ट्रे दुप्पट झाला, काम दुप्पट वेगाने होऊ लागलं, त्याचं कौतुक झालं होतं. मी त्याला सल्ला दिला नाही. वैशालीने रात्रीच्या जेवणात पिठलं केलं होतं, आमच्याकडच्यासारखं, खास माझ्यासाठी. तो ताटात भाकरी चुरत बसला, जेवला नाही.

चाकण, शनिवार

शेवटच्या दिवशी माझं काम थोडंच होतं. आठ जणींनी मिळून एक पान तयार केलं, रोज सकाळी लाइन सुरू करण्याआधी काय मोजायचं त्याचं. बाराही घरं, ट्रे सरळ आणि उलटा, आणि बुडबुडा. ते पान मराठीत आहे आणि आता कॅमेऱ्याशेजारी लावलेलं आहे. त्यात माझा एकही शब्द नाही.

नितीन सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता. तासाभराने बाहेर आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. आत काय झालं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. सरळ तपासणीच्या टेबलांपाशी गेला. मीही मागोमाग गेले. मशीनच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे आजूबाजूच्या दोन लाइनवरच्या लोकांनीही ऐकलं. कॅमेरा कलला होता, तो मी बसवला होता, चिरा आधीपासून होत्या, सुनीताताईंच्या हातून काही झालेलं नाही. ताकीद मागे घेतोय. माझी चूक झाली.

बाकीच्या बायका सुनीताकडे बघू लागल्या. तिने हातातली वाटी खाली ठेवली, हातमोजे काढले.

"साहेब, ताकीद कागदावर होती," ती शांतपणे म्हणाली. "हेपण कागदावर द्या."

नितीन गोंधळला. ऑफिसमधून टाइप करून पाठवतो म्हणाला. ती म्हणाली, आत्ताच द्या, माझी वही आहे. मग त्याने तिच्या टेबलावर वाकून, तिच्याच वहीच्या पानावर, तिच्याच पेनाने लिहिलं. बऱ्याच वर्षांनी हाताने मराठी लिहीत असावा. 'निर्दोष' लिहिताना थांबला आणि माझ्याकडे बघितलं. 'ष' कुठला ते मी सांगितलं. खाली सही केली, पान फाडून दिलं.

पुढे महिन्याभराने त्याचा फोन आला तेव्हा कळलं की तिची फाइल सुटली आणि ती कायम झाली. बढती त्याच्याकडे राहिली, पण लाइनचा वेग कमी करावा लागला, आणि त्याचं त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण त्या शनिवारी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं.

सुनीताने पान दोन्ही हातांनी धरून वाचलं. वरून खाली एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश, वाटी उजेडात फिरवून बघतात तसं. मग पान आणि पेन दोन्ही त्याच्यापुढे केलं.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

त्याने तारीख घातली. तिने पान घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं, हातमोजे चढवले आणि पुढची वाटी उचलली.